ख्रिस्ती जीवनातील शांती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल-अभ्यासात, प्रार्थनासभा सुटल्यावर, कधी अंत्यविधीहून परतताना लोक हे प्रश्न विचारतात. काहींची उत्तरे दोन ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो. सोबत वचनांचे संदर्भ दिले आहेत. ते स्वतः उघडून, मागचापुढचा मजकूर धरून वाचावेत. शांतीबद्दलचे पुष्कळ गैरसमज एकच ओळ सुटी काढून भिंतीवर टांगल्यामुळे झालेले असतात.

ख्रिस्ती माणूस ‘शांती’ म्हणतो तेव्हा त्याला नेमके काय म्हणायचे असते?

बहुतेकांना आधी आठवते ती मनाची अवस्था : काळजी नाही, झोप लागते, डोके हलके आहे. पवित्र शास्त्र मात्र तिथून सुरुवात करत नाही. देव आणि माणूस यांच्यातले बिघडलेले नाते ख्रिस्तामध्ये पुन्हा जुळले, हा शांतीचा पाया आहे. त्या नात्यातून मनाला स्वस्थता येते आणि त्याच नात्यामुळे इतर माणसांशी समेट करण्याची जबाबदारीही अंगावर येते.

हा क्रम उलटा केला की घोळ होतो. आज मनाला बरे वाटते का, यावरून देव आपल्यावर प्रसन्न आहे की नाही हे लोक ठरवू लागतात. मग ज्या दिवशी पोटात गोळा येतो त्या दिवशी थेट तारणाचीच शंका. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हा मुद्दा पुन्हा भेटणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मी देवाशी कधी भांडलेलोच नाही. मग ‘देवाबरोबर समेट’ कशासाठी?

रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो की विश्वासाने नीतिमान ठरल्यामुळे आपल्याला प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे देवाबरोबर शांती आहे. दहाव्या वचनात त्याचा शब्द आणखी कडक होतो : आपण शत्रू होतो तेव्हाच हा समेट झाला. सरळमार्गी, देवभीरू माणसाला हे खटकते. खटकायलाच हवे. वैर करणारा दर वेळी मूठ आवळूनच उभा असतो असे नाही. ज्याने निर्माण केले त्याला बाजूला सारून आयुष्याचा सगळा कारभार आपणच पाहायचा, हेही वैरच. त्याचा आवाज होत नाही इतकेच.

ज्याच्याविरुद्ध अपराध झाला त्यानेच, म्हणजे देवाने, इथे पुढाकार घेतला, हे विसरू नये. आपल्याला शांती मिळावी म्हणून शिक्षा दुसऱ्याने सोसली असे यशया सांगतो (५३:५), आणि ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील रक्ताने शांती झाली असे कलस्सैकरांस पत्र सांगते (१:२०).

याची चाहूल जुन्या करारातही लागते. लेवीय पुस्तकाच्या तिसऱ्या आणि सातव्या अध्यायांत शांत्यर्पणाचे नियम आहेत. होमबलीचे मांस सगळे वेदीवर जळे. शांत्यर्पणात मात्र चरबी परमेश्वराची, ठरलेला वाटा याजकाचा, आणि उरलेले मांस अर्पण करणाऱ्याने आपल्या माणसांबरोबर खायचे. उपकारस्तुतीचे अर्पण असेल तर त्याच दिवशी (७:१५). समेट झाल्यावर सगळ्यांनी मिळून जेवायचे, अशी ही व्यवस्था होती. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण करत भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीला, जाताना हा अध्याय वाचून जावा, असे मी नेहमी सुचवतो. फारसे कोणी वाचत नाही, कारण लेवीय म्हटले की लोक पाने उलटतात.

‘जसे जग देते तसे मी देत नाही’, असे येशू म्हणाला. जगाची शांती वाईट असते का?

वाईट नाही, अपुरी. हे वाक्य (योहान १४:२७) येशूला अटक झाली त्याच रात्रीचे आहे, आणि ते ज्या काळात बोलले गेले त्या काळाकडे शांतीची स्वतःची मोठी घोषणा होती. सम्राट औगुस्त याच्या सन्मानार्थ रोमच्या सिनेटने शांतीची वेदी बांधवली. इ. स. पू. ९ मध्ये तिचे अर्पण झाले. तिचे कोरीव संगमरवर आजही रोममध्ये पाहायला मिळते. रोमी शांती ही निव्वळ थाप नव्हती. यादवी युद्धे थांबली, रस्ते बरेच सुरक्षित झाले, आणि त्याच रस्त्यांवरून पुढे पौलही फिरला. पण ती शांती सैन्याच्या जोरावर उभी होती. बंडखोराला चारचौघांत वधस्तंभावर टांगायचे, म्हणजे बाकीचे आपोआप गप्प राहतात, हा तिचा हिशेब.

लूकच्या दुसऱ्या अध्यायात औगुस्ताच्या नावनोंदणीचा हुकूम आणि देवदूतांचे शांतीचे गीत एकापाठोपाठ येतात. लूकने हे नकळत केले असेल असे मला वाटत नाही. पुढे रोमने आपली शांती राखण्यासाठी वापरलेल्या त्याच लाकडावर येशू मेला.

आपल्या रोजच्या जगण्यात जगाची शांती म्हणजे कर्ज फिटणे, तपासणीचा अहवाल चांगला येणे, मुलाला नोकरी लागणे. त्यासाठी देवाचे आभार मानावेत. पण अहवाल वाईट आला की ती निघून जाते. येशूने अहवाल चांगलाच येईल असे कुठेही म्हटले नाही. उलट त्याच रात्रीच्या बोलण्यात पुढे तो सांगतो की जगात तुम्हांला क्लेश होतील, तरी धीर धरा, मी जगाला जिंकले आहे (योहान १६:३३).

मला सतत काळजी वाटते. माझा विश्वास कमी आहे का?

एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. गेथशेमाने बागेत खुद्द येशू शिष्यांना म्हणाला, “माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे” (मत्तय २६:३८). पौलाने मासेदोनियातल्या दिवसांचे वर्णन करताना बाहेर भांडणे होती आणि आत भीती होती असे सरळ लिहून टाकले आहे (२ करिंथ ७:५), आणि सगळ्या मंडळ्यांची चिंता रोज आपल्यावर असते हेही (११:२८). ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ (फिलिप्पै ४:६) हे लिहिणारा हाच माणूस. तो दुटप्पी नव्हता. चिंता येणारच हे त्याला ठाऊक होते; ती आल्यावर घेऊन जायचे कुठे, ते तो सांगतो.

मार्कच्या चौथ्या अध्यायातले वादळ पाहा. शिष्यांनी घाबरून, थोडे चिडूनही, येशूला उठवले : आम्ही बुडतोय याची तुला काळजी नाही का? त्याने आधी वारा थांबवला, मग विश्वासाबद्दल विचारले. आधी नीट विश्वास ठेवा, मग बघू, असे तो म्हणाला नाही. आणि समुद्र निवांत झाल्यावर शिष्य अतिशय भ्याले, असे मार्क लिहितो (४:४१). पाणी शांत आणि माणसे थरथरतायत. आपल्यासोबत होडीत कोण बसले आहे हे त्यांना तेव्हा कळू लागले होते.

तापाने फणफणलेले मूल रात्रभर कण्हत राहिले म्हणून ते परक्याचे होत नाही. तुमच्या काळजीने देवाशी असलेले तुमचे नाते तुटत नाही, एवढे आज धरून ठेवा.

फिलिप्पै ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे प्रार्थना केली, आभारही मानले. तरी शांती वाटत नाही. काय चुकते?

कदाचित काहीच नाही. सहाव्या-सातव्या वचनांत वेळापत्रक दिलेले नाही. ‘देवाची शांती तुमची अंतःकरणे व विचार राखील’ असे तिथे म्हटले आहे. पहारा असतो तिथेही गडबड होते; पहारेकरी आहे याचा अर्थ किल्ला पडणार नाही.

आणखी एक गोष्ट मात्र तपासून पाहा. हा अध्याय आपण सहाव्या वचनापासून वाचतो, पण त्याच्या आधी दुसऱ्या वचनात युवदीया आणि सुंतुखे या दोन बहिणींना पौल नाव घेऊन विनंती करतो की एकचित्त व्हा. दोघीही सुवार्तेसाठी त्याच्या खांद्याला खांदा लावून झटलेल्या. त्यांचे कशावरून बिनसले होते ते पत्रात नाही. इतके नक्की की मंडळीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायच्या पत्रात, बंदिवासातून, पौलाने तो विषय काढला आणि लगोलग शांतीचे वचन लिहिले. एखाद्याशी धरलेला अबोला तसाच ठेवून केवळ स्वतःच्या मनाची शांती मागत असाल, तर आधी ती चौकशी करा. तसे काही नसेल तर उगाच खोदत बसू नका; प्रार्थना चालू ठेवा, आणि एकट्याने नको. स्तोत्र ८८ सारखे स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहते, तरी ते प्रार्थनांच्या पुस्तकात आहे.

नैराश्यासाठी औषध घेणे किंवा समुपदेशकाकडे जाणे म्हणजे अविश्वास का?

नाही. १ राजे १९ मध्ये एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूताने त्याला प्रवचन दिले नाही; भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खायला दिले. देवाचे बोलणे त्यानंतर, लांबच्या प्रवासाच्या शेवटी झाले. पौलाबरोबरचा लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४). ‘प्रार्थना कर, गोळ्या सोड’ असा सल्ला देणाऱ्याचे ऐकून डॉक्टरांना न विचारता औषध बंद करू नका. हा सल्ला कितीही भक्तिभावाने दिलेला असो, धोकादायक आहे. जीव नकोसा वाटत असेल तर आजच कोणाला तरी सांगा : घरच्यांना, पाळकांना, डॉक्टरांना.

निर्णय घेताना ‘मला याबद्दल शांती वाटते’ म्हणजे ती देवाची इच्छा समजावी का?

हे वाक्य मंडळ्यांत फार चालते, आणि मला त्याची थोडी धास्ती वाटते. योना देवाच्या आज्ञेपासून पळत होता आणि वादळात तारवाच्या तळाशी गाढ झोपला होता (योना १:५). येशू देवाच्या इच्छेच्या अगदी मधोमध होता आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता (लूक २२:४४). मनाच्या स्वस्थतेवरून निकाल लावायचा तर योना बरोबर ठरेल.

यासाठी आधार म्हणून कलस्सै ३:१५ दाखवले जाते : ख्रिस्ताची शांती तुमच्या अंतःकरणात राज्य करो. पण तिथला विषय नोकरी निवडण्याचा नाही. आधीची वचने एकमेकांचे सोसून घेण्याबद्दल आणि क्षमा करण्याबद्दल आहेत, आणि त्याच वाक्यात ‘एका शरीरात’ पाचारण झाल्याचा उल्लेख आहे. मनाचा कौल जरूर ऐका. त्यासोबत वचन काय म्हणते, जाणती माणसे काय म्हणतात आणि हा निर्णय कोणाला महाग पडणार आहे, हेही पाहा. स्वतःच्या सोयीचा निर्णय असला की शांती फार लवकर वाटते.

शांती ही माझी आणि देवाची खासगी बाब नाही का?

इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाचल्यावर असे म्हणणे अवघड आहे. ‘तोच आपली शांती आहे’ हे वाक्य (२:१४) तिथे यहूदी आणि परराष्ट्रीय यांच्याबद्दल आहे, आणि लगेच मधली आडभिंत पाडल्याचे सांगितले आहे. यरुशलेमच्या मंदिरात खरोखरच असा एक अडसर होता. परराष्ट्रीयाने पलीकडे पाऊल टाकले तर त्याच्या मरणाला तो स्वतः जबाबदार, अशी ताकीद ग्रीकमध्ये कोरलेला एक दगड १८७१ मध्ये सापडला. तो आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकविसाव्या अध्यायात पौलाला जमावाने धरले ते याच संशयावरून, की त्याने त्रफिम या परराष्ट्रीयाला मंदिरात आत नेले. त्रफिम होता इफिसचा. आता ते वचन पुन्हा वाचा.

ज्या मंडळीत अमक्या घराण्यातले पुढे आणि तमके मागे बसतात, तिथे ती भिंत परत बांधली गेली आहे. वरती शांतीची गाणी कितीही सुरात होवोत.

मग येशू ‘शांतता आणण्यास नव्हे तर तलवार चालवण्यास आलो’ असे का म्हणाला?

मत्तय १०:३४. येशू बारा शिष्यांना पाठवताना काय काय सोसावे लागेल ते सांगतो आहे, आणि पुढच्याच वचनांत मीखा ७:६ मधले घर फुटण्याचे शब्द घेतो. त्याच्यामागे गेल्याने घरात फूट पडू शकते, एवढे ते स्पष्ट आहे. शिष्यांनी तलवार उपसावी असा त्याचा अर्थ नाही. ज्याने खरोखर उपसली त्याला त्याच शुभवर्तमानात ती म्यान करायला लावली (२६:५२).

घरात शांती राहावी म्हणून अन्याय, मारहाण निमूट सोसावी का?

नाही. या प्रश्नाला मी सगळ्यांत जास्त वेळ देतो, कारण चुकीच्या उत्तराने माणसांचे जीव गेले आहेत.

यिर्मयाच्या काळात यरुशलेम आतून पोखरले होते, आणि संदेष्टे व याजक लोकांची जखम वरवर बरी करून ‘शांती, शांती’ म्हणत होते. शांती मुळीच नव्हती (६:१४). देवाने त्यांना शांतिप्रिय म्हटले नाही, लबाड म्हटले. वळ झाकून उपासनेला येणाऱ्या बाईला ‘जरा सांभाळून घे, घराची शोभा जाईल’ असे सांगणारे त्याच रांगेत बसतात. जो मारतो त्यानेच शांतीचा भंग केलेला असतो. जी सांगते तिने नाही. सुरक्षित ठिकाणी जाणे, पोलिसांत तक्रार करणे, वेगळे राहणे यांत ख्रिस्ती साक्ष बुडत नाही.

इथे क्षमा आणि समेट यांची गल्लत केली जाते. सूड देवावर सोपवणे एका बाजूने होऊ शकते, तेही सावकाश. समेटाला दोन माणसे लागतात आणि खरे बोलणे लागते. जकातदार जक्कय नुसता ‘माफ करा’ म्हणून थांबला नाही. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देतो म्हणाला (लूक १९:८). मत्तय १८:१५-१७ मध्ये तर अपराध करणाऱ्याने ऐकलेच नाही तर दोन-तीन साक्षीदार आणि शेवटी पूर्ण मंडळीपर्यंत जाण्याची वाट सांगितली आहे. प्रकरण दाबणे हे त्यातल्या कोणत्याही पायरीवर नाही. आणि हे भावाभावांतल्या अपराधांसाठी आहे. मारणाऱ्यासमोर एकटे जाऊन बसायला कोणाला भाग पाडण्यासाठी हा उतारा वापरू नये.

मी हात पुढे केला, समोरचा तयारच नाही. आता?

रोमकरांस १२:१८ मध्ये दोन अटी आहेत : ‘शक्य तर’ आणि ‘तुमच्याकडून होईल तितके’. तुमचा वाटा झाला असेल तर दार उघडे ठेवा आणि आपल्या कामाला लागा.

उपासनेत एकमेकांना शांती देण्याची पद्धत कुठून आली?

फार जुनी आहे. इ. स. १५५च्या सुमारास हुतात्मा जस्टिन याने ख्रिस्ती उपासनेचे वर्णन केले आहे. त्यात प्रार्थना संपल्यावर, भाकर आणि प्याला आणण्याआधी, लोक एकमेकांना चुंबन देऊन अभिवादन करतात. तिची जागा ठिकठिकाणी बदलली आहे. कॅथोलिक मिस्सामध्ये ती प्रभूच्या प्रार्थनेनंतर, ख्रिस्तप्रसादाआधी येते. अनेक प्रॉटेस्टंट उपासनांत अर्पणापूर्वी. अर्पणापूर्वीच्या जागेला मत्तय ५:२३-२४ चा आधार आहे : भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जा. म्हणून शेजारच्या ओळखीच्याशी हसतमुखाने हात मिळवण्यापेक्षा, ज्याला टाळून तुम्ही पलीकडच्या बाकावर बसलात त्याच्यापर्यंत चालत जाणे त्या क्षणाला जास्त शोभते.

शेवटच्या आशीर्वादाची मुळे त्याहूनही मागे जातात. ‘परमेश्वर तुला शांती देवो’ हे गणना ६:२४-२६ मधले शब्द. १९७९ मध्ये यरुशलेमेतल्या जुन्या थडग्यांत चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या सापडल्या. येशूच्या सुमारे सहाशे वर्षे आधीच्या त्या पत्र्यांवर या आशीर्वादाचे शब्द कोरलेले आहेत.

ध्यान-धारणेतूनही शांती मिळते. मग फरक काय?

श्वास संथ केला, मन एकाग्र केले की शरीर-मन निवते. ते खरे आहे आणि ख्रिस्ती माणसाने ते नाकारायचे कारण नाही. ख्रिस्ती शांतीचा दावा वेगळ्या जागी आहे. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी शिष्य भीतीने दारे लावून बसले असताना येशू आला, ‘तुम्हांस शांती असो’ म्हणाला आणि लगेच आपले हात व कूस दाखवली (योहान २०:१९-२०). घडलेल्या घटनेवर आणि जिवंत असलेल्या एका व्यक्तीवर ती टेकलेली आहे. आणि तेच शब्द पुन्हा उच्चारून त्याने त्यांना त्या बंद दारांबाहेर पाठवले (२०:२१).

ख्रिस्ती लोकांनीच इतकी युद्धे केली. मग शांतीच्या गोष्टी कोणत्या तोंडाने?

आरोप खरा आहे. १०९५ मध्ये पोप दुसरे अर्बन यांनी पहिल्या क्रूसयुद्धाची हाक दिली. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धात युरोपातल्या ख्रिस्ती सत्ता एकमेकांवर तुटून पडल्या, आणि गावेच्या गावे ओस पडली. ‘ते खरे ख्रिस्ती नव्हते’ असे म्हणून हात झटकणे मला पटत नाही. तेही बाप्तिस्मा घेतलेले होते, तेही शांतीच्या राजाची गाणी गात होते.

युद्धाबाबत ख्रिस्ती परंपरेत एकमत नाही. तर्तुल्यानसारख्या आरंभीच्या लेखकांनी ख्रिस्ती माणसाने सैनिक होण्याला विरोध केला. पुढे ऑगस्टीन आणि त्यानंतर थॉमस अक्वायनस यांनी कोणत्या कठोर अटींवर युद्ध न्याय्य ठरू शकते याचा विचार मांडला. सोळाव्या शतकातले मेनोनाइट, सतराव्या शतकातले क्वेकर या ख्रिस्ती पंथांनी शस्त्रच नाकारले आणि त्यापायी पुष्कळ छळ सोसला. १९६३ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी जागतिक शांतीवर परिपत्रक काढले ते केवळ कॅथोलिकांना उद्देशून नव्हते. सदिच्छा असलेल्या सर्व माणसांना होते.

आणि काही वेळा काम प्रत्यक्ष झालेही आहे. मोझांबिकमधले यादवी युद्ध दीड दशकाहून जास्त चालले होते. रोममधल्या सांत एजिदिओ या सामान्य कॅथोलिकांच्या समुदायाने दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवले; वाटाघाटी दोनेक वर्षे चालल्या आणि ४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोममध्ये करारावर सह्या झाल्या. त्यांच्याकडे ना सैन्य होते ना तिजोरी. ‘शांती करणारे ते धन्य’ (मत्तय ५:९) याचा अर्थ विचारला की मी अशा कंटाळवाण्या, लांबलेल्या बैठकांकडे बोट दाखवतो.

‘हे प्रभू, मला तुझ्या शांतीचे साधन कर’ ही प्रार्थना संत फ्रान्सिस यांचीच ना?

त्यांच्या लिखाणात ती सापडत नाही. ती पहिल्यांदा छापली गेली १९१२ मध्ये, पॅरिसच्या एका लहानशा फ्रेंच धार्मिक मासिकात, लेखकाच्या नावाविना. फ्रान्सिस यांचे नाव तिला नंतर चिकटले. उपासनेत म्हणायला काहीच हरकत नाही. पत्रिकेवर छापताना मात्र खाली ‘संत फ्रान्सिस’ लिहू नका.